अशोकाला लाथ, राजावर मेखला: मालविका आणि इरावती

कालिदासाची तीन नाटकं. 'शाकुंतल' सगळ्यांना ठाऊक, 'विक्रमोर्वशीय' निदान नावाने ऐकलेलं, आणि 'मालविकाग्निमित्र' संस्कृतच्या पेपरापुरतं. त्यातलं 'पुराणमित्येव न साधु सर्वम्' तेवढं भाषणांत हमखास येतं. जुनं म्हणून सगळंच चांगलं नसतं, असा त्याचा अर्थ. नाटकात ते सूत्रधाराच्या तोंडी आहे आणि त्यामागे एक व्यावहारिक अडचण आहे. भासासारखे नावाजलेले नाटककार असताना या आजच्या कवीचं नाटक कशाला लावता, असं त्याला विचारलं गेलंय. म्हणजे कालिदासालाही 'नवीन पोरगा' म्हणून सुरुवात करावी लागली होती.

'शाकुंतल' डोक्यात ठेवून हे नाटक वाचायला घेतलं तर गडबडायला होतं. इथे शाप नाही, आश्रम नाही, स्वर्गात जाणारा रथ नाही. विदिशेचा राजवाडा आहे, त्यातली बाग आहे, दोन राण्या आहेत, एक नवी मुलगी आहे आणि एकमेकांच्या नकळत लपून बघायला भरपूर झाडंझुडपं आहेत. आजच्या भाषेत निखळ रोमँटिक कॉमेडी. राजा अग्निमित्र इतिहासातला आहे. शुंग घराण्याच्या पुष्यमित्राचा हा मुलगा, काळ इ.स.पू. दुसरं शतक. कालिदास त्यानंतर साधारण पाच-सहाशे वर्षांनी झाला, त्यामुळे त्याच्यासाठीही ही जुनीच गोष्ट होती.

कथा थोडक्यात अशी. मालविका ही विदर्भाची राजकन्या. तिचा भाऊ माधवसेन तिला अग्निमित्राला द्यायची म्हणून विदिशेकडे निघालेला असताना चुलतभाऊ यज्ञसेनाच्या माणसांनी त्याला पकडलं. त्याचा मंत्री मालविकेला घेऊन निसटला, व्यापाऱ्यांच्या तांड्यात मिसळला. जंगलात दरोडेखोरांनी तांडा लुटला, मंत्री मारला गेला. मुलगी हातोहाती करत सीमेवरच्या सेनापतीकडे पोचली आणि त्याने ती आपल्या बहिणीकडे, म्हणजे थोरली राणी धारिणी हिच्याकडे, नाच शिकायला योग्य म्हणून पाठवून दिली. आता ती राजवाड्यात दासी आहे आणि ती कोण हे कुणाला माहीत नाही. राजा तिला पहिल्यांदा बघतो तो चित्रात, धारिणीच्या बाजूला उभी असलेली. ही कोण, असं तो विचारतो. राणी गप्प. शेवटी छोटी राजकन्या वसुलक्ष्मी निरागसपणे सांगून टाकते, ही मालविका! त्या दिवसापासून धारिणी मालविकेला राजाच्या नजरेआड ठेवायला लागते आणि विदूषक गौतम तिला राजासमोर आणायच्या खटपटीला लागतो.

यात तिसरी आहे इरावती, धाकटी राणी. मालविका येण्याआधी राजाचं मन जिच्यावर होतं, ती. नाटकाच्या नावात ती नाही. पण मला विचाराल तर नाटकात सर्वांत खरं बोलणारं पात्र तीच आहे.

मालविका आणि इरावती यांची तुलना साधारणपणे अशी केली जाते: एक लाजरी, दुसरी तापट, एक सोशिक, दुसरी मत्सरी, एक नायिका, दुसरी तिच्या वाटेतला अडसर. परीक्षेत यावर मार्क मिळत असतील. पण जुन्या नाट्यशास्त्राकडे नीट पाहिलं तर त्यातलं वर्गीकरण याहून बरंच बारीक आहे, आणि ते समजून घेतलं की या दोघी वेगळ्याच दिसायला लागतात.

भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त नायिकेच्या आठ अवस्था सांगितल्या आहेत. प्रियकराची वाट बघत नटूनथटून बसलेली ती वासकसज्जा. त्याने दुसरीकडे रमून हिला दुखावलं तर ती खंडिता. रागाच्या भरात त्याला झिडकारलं आणि मग मागाहून जीव हळहळायला लागला की ती कलहांतरिता. अशा आठ. महत्त्वाची गोष्ट ही की या अवस्था आहेत, स्वभाव नाहीत. एकच बाई सकाळी वासकसज्जा असेल आणि संध्याकाळी खंडिता. तिचं काय होणार हे बऱ्याच अंशी तो कुठे गेला यावर ठरतं.

दुसरं वर्गीकरण 'दशरूपक' या दहाव्या शतकातल्या ग्रंथात ठळकपणे येतं. त्यात नायिकेच्या अनुभवावरून तीन पायऱ्या आहेत: मुग्धा, मध्या, प्रगल्भा. मुग्धा म्हणजे प्रेमात नवखी, रागावताही न येणारी. पुढच्या दोघींचे पुन्हा पोटभेद, नवऱ्याने आगळीक केल्यावर त्या कशा वागतात त्यावरून. धीरा असेल ती राग गिळून वरवर आदराने वागते आणि त्या आदरानेच त्याला गार करते. अधीरा असेल ती सरळ फैलावर घेते, प्रसंगी हातही उगारते. हा ग्रंथ कालिदासानंतर पाचशेएक वर्षांनी लिहिलेला, त्यामुळे कालिदासाने त्यातली कोष्टकं समोर ठेवून पात्रं रंगवली असं काही नाही. पण मालविका मुग्धा, इरावती प्रगल्भा आणि अधीरा, धारिणी धीरा, अशी लेबलं पटकन चिकटतात खरी. ती कुठपर्यंत टिकतात ते पाहायला तिसऱ्या अंकात जाऊ.

राजवाड्याच्या बागेत, म्हणजे प्रमदवनात, एक अशोकाचं झाड आहे, ते फुलत नाहीये. त्या काळच्या कविसंकेतानुसार सुंदर स्त्रीने नूपुर घातलेल्या, अळता लावलेल्या पायाने लाथ मारली की अशोकाला बहर येतो. याला दोहद म्हणतात. मान धारिणीचा, पण गौतमाच्या चावटपणामुळे ती झोपाळ्यावरून पडली आहे आणि पाय दुखावला आहे. म्हणून ती हे काम मालविकेवर सोपवते आणि वचन देते: पाच रात्रींच्या आत झाड फुललं तर तुझी इच्छा पुरी करीन.

त्याच दिवशी इरावतीने राजाला झोपाळ्यावर बसायला बोलावलंय. वसंतातली पहिली कुरबकाची फुलं पाठवून, दासी निपुणिकेबरोबर निरोप धाडून. राजाला जायचं नाही. त्याचं कारण तो प्रामाणिकपणे सांगतो: बायका जात्याच हुशार असतात, माझं मन दुसरीकडे आहे हे तिला कळल्याशिवाय राहणार नाही. एका श्लोकात तर तो म्हणतो की मानी स्त्रीचं मागणं मोडलं तरी चालेल, त्याला कारणं शंभर देता येतात. पण भावच उरला नसताना आधीपेक्षा जास्त गोड वागणं, ते वाईट. वाचताना वाटतं, अरे, याला सगळं कळतंय. आणि मग तो नेमकं तेच करतो.

मग तो बागेतला प्रसंग. मालविकेची मैत्रीण बकुलावलिका तिच्या पायांना अळता लावतेय, नूपुर घालतेय. राजा आणि गौतम एका बाजूला लपलेत. दुसऱ्या बाजूला इरावती आणि निपुणिका येऊन थांबल्यात. इरावती थोडी प्यायलेली आहे. मद हा म्हणे स्त्रीचा खास दागिना, असं ती स्वतःच हसत बोलून गेली आहे. लपलेल्या दोन्ही जोड्यांना एकमेकींचा पत्ता नाही, प्रेक्षकाला मात्र सगळं दिसतंय. बकुलावलिका म्हणते, रंगात आलेला, उपभोगाला योग्य असा हा बघ तुझ्यासमोर उभा आहे. मालविका हरखून विचारते, "कोण, महाराज?" "महाराज नव्हेत गं, हा अशोकाच्या फांदीवरचा पालवीचा गुच्छ." मालविकेची मुग्धता इथे चटकन उघडी पडते. तिच्या मनात दुसरं काही नाहीच.

ती अशोकाला लाथ मारते. राजा पुढे येतो आणि आपल्यालाही असाच दोहद दे, मीही कधीचा फुललेलो नाही, अशा अर्थाचं आर्जव करतो. तेवढ्यात इरावती झाडांतून बाहेर: पुरव, पुरव! अशोकाला अजून फूल दिसत नाही, हा मात्र फुललाय आणि फळलाही आहे.

संस्कृत रंगभूमीवरच्या इतक्या नेमक्या टोल्यांची यादी केली तर हा वरच्या पाचांत येईल. राजाने उपमा वापरायची आणि राणीने तीच उपमा उचलून त्याच्या तोंडावर मारायची. राजा घाबरून गौतमाला विचारतो, आता काय करायचं? गौतमाचं उत्तर: दुसरं काय, पायांत बळ असेल तर पळायचं. मग सल्लाही देतो. रंगेहाथ सापडलेल्या चोराने म्हणावं, मी भिंत फोडायची विद्या शिकत होतो.

राजा शिकतच होता असं सांगतो, म्हणजे तू यायला उशीर केलास म्हणून मी जरा मन रमवत होतो. इरावती म्हणते, खरंच की, तुम्हाला असं रमायचं साधन सापडलंय हे मला ठाऊक नव्हतं, नाहीतर मी अभागी असं कशाला करते. सुटून पायात आलेली कमरेची मेखला ती उचलते आणि त्याच्यावर उगारते. राजा पाया पडतो. तेव्हा ती म्हणते, हे काही मालविकेचे पाय नाहीत तुमची हौस पुरवायला. आणि निघून जाते.

इथे राजाच्या तोंडी एक श्लोक आहे. अश्रू ढाळत सोन्याची मेखला उगारलेली ही चंडी, जणू वीज हातात घेऊन विंध्य पर्वतावर कोसळायला निघालेली मेघमाला. श्लोक सुंदर आहे, पण प्रसंग बघा. बायको संतापाने रडतेय आणि याला उपमा सुचतेय. दुसऱ्या अंकात मालविका नाच संपवून डावा हात कमरेवर ठेवून उभी राहिली तेव्हाही त्याने असंच निगुतीने वर्णन केलं होतं. एकीची लाज आणि दुसरीचा राग, अग्निमित्राला दोन्ही बघण्यासारखे वाटतात. इरावती गेल्यावर त्याचं पुढचं वाक्य आणखी बोलकं आहे. पाया पडूनही तिने झिडकारलं हे तिने माझ्यावर उपकारच केले असं मी समजतो. माझ्यावर जीव आहे तिचा, पण आता रागावलीच आहे तर तिच्याकडे दुर्लक्ष करायला मोकळीक मिळाली.

इरावतीची कोंडी ही आहे. ती जितकं खरं बोलेल तितकी राजाची सोय होईल. गप्प बसली तर तो गोड बोलून फसवणार, भडकली तर सुटका झाली म्हणून निघून जाणार.

चौथ्या अंकात इरावती जाऊन धारिणीकडे तक्रार करते. मालविका आणि बकुलावलिका तळघरात कोंडल्या जातात. धारिणीची नागमुद्रेची अंगठी दाखवल्याशिवाय सोडायचं नाही असा पहारेकरणीला हुकूम. गौतम बोटाला केतकीचे काटे टोचून घेतो, साप चावला म्हणून लोळतो, उतारा म्हणून नागाची आकृती असलेली वस्तू लागेल असं वैद्याकडून वदवतो आणि धारिणी घाईघाईने आपली अंगठी काढून देते. पुढचं ओळखता येईल. हा सगळा भाग धमाल आहे, पण आपल्या कामाचा प्रसंग त्यानंतर समुद्रगृह नावाच्या दालनात घडतो.

तिथे भिंतीवर चित्र आहे. राजा आणि त्याच्या राण्या. राजा त्यात एका चेहऱ्याकडे टक लावून बघतोय. मालविका विचारते, ही कोण? बकुलावलिका सांगते, इरावती. मालविकेचा चेहरा उतरतो. बाकी सगळ्या राण्यांना सोडून एकीच्याच तोंडाकडे बघणारा हा माणूस मला काही दक्षिण वाटत नाही, असं ती म्हणते. दक्षिण नायक म्हणजे नवी आवडली तरी आधीच्यांशी सौजन्याने वागणारा. म्हणजे मुग्धा म्हणवणाऱ्या मुलीला शास्त्रातला शब्दही माहीत आहे आणि मत्सरही व्यवस्थित येतोय. आणि मत्सर कुणाचा, तर जिच्या हातून राजा मालविकेमुळेच सुटलाय त्या इरावतीचा. चित्र जुनं आहे. त्यातली राजाची नजर खरी होती तेव्हा.

राजा आत येतो, घाबरू नकोस म्हणतो. मालविका उत्तर देते: घाबरत नाहीत ते आमचे महाराज, राणीसाहेब दिसल्यावरचं त्यांचं शौर्य पाहिलंय मी. हे वाक्य इरावतीच्या तोंडी घातलं असतं तरी खपलं असतं. तिसऱ्या अंकात पालवीच्या गुच्छाला महाराज समजणारी मुलगी ती हीच. राजा हसून, आमच्या कुळाचं व्रतच दाक्षिण्य आहे, असा श्लोक म्हणून वेळ मारून नेतो.

आता त्याच समुद्रगृहाकडे इरावती येत असते. कशासाठी, तर तिथल्या चित्रातल्या राजाची क्षमा मागायला. निपुणिका विचारते, प्रत्यक्ष महाराजांचीच का नाही? इरावती म्हणते, वेडे, ज्याचं मन दुसरीकडे गेलंय तो नवरा आणि चित्रातला नवरा सारखेच. माझ्याकडून रीत मोडली गेली, तेवढी धुऊन काढायची आहे.

भरताच्या भाषेत ही कलहांतरिता. भांडून झाल्यावर पस्तावणारी. पण नेहमीची कलहांतरिता प्रियकर परत यावा म्हणून पस्तावते. इरावतीला तो परत येणार नाही हे पक्कं ठाऊक आहे. ती परत जोडायला आलेली नाही, फक्त आपल्या बाजूचा हिशेब चोख करायला आली आहे. तापट, मत्सरी म्हणून तिची बोळवण करणाऱ्यांनी हे वाक्य एकदा थांबून वाचावं. एकाच चित्राखाली, काही क्षणांच्या अंतराने, एक बाई त्यातल्या प्रेमाचा हेवा करते आणि दुसरी ते संपलंय हे शांतपणे सांगते. मालविका आणि इरावती यांच्यात स्वभावाचं अंतर आहे, नाही असं नाही. पण मोठं अंतर वेळेचं आहे. मालविका ज्या जागेवर पोचते आहे तिथून इरावती निघाली आहे.

दोघी राजाला कशी हाक मारतात त्यातही हे दिसतं. इरावती त्याला 'आर्यपुत्र' म्हणते, जे संस्कृत नाटकात बायको नवऱ्याला म्हणते. मालविकेच्या तोंडी धन्याला उद्देशून वापरायचा शब्द आहे. तिला हक्काने रागावायचाही अधिकार अजून मिळालेला नाही. तिच्या गोडव्याचा बराचसा भाग त्यातून आलाय, हे विसरून तो गोडवा स्वभावाच्या खात्यावर जमा करणं बरोबर नाही.

त्या समुद्रगृहाच्या दाराशी गौतम झोपेत बरळतो, मालविके, इरावतीलाही मागे टाक. सापडतातच सगळे. पुन्हा तमाशा होणार इतक्यात बातमी येते की चेंडूमागे धावणारी वसुलक्ष्मी पिवळ्या माकडाला घाबरून थरथर कापतेय. राजाला तिकडे जायची घाई करायला इरावतीच सांगते. मूल धारिणीच्या सावलीत वाढणारं, पण भांडण बाजूला ठेवायला तिला क्षण लागत नाही. गौतम मात्र माकडाला शाबासकी देतो: आपल्या जातवाल्यांना छान वाचवलंस.

पाचव्या अंकाला फार थांबण्याचं कारण नाही, सगळे धागे तिथे ठरल्याप्रमाणे जुळतात. अशोक मुदतीआधी फुलतो. विदर्भ जिंकला जातो आणि वरदा नदीच्या, म्हणजे आपल्या वर्ध्याच्या, दोन तीरांवर दोन चुलतभावांना अर्धं अर्धं राज्य दिलं जातं. तिकडून नजराणा म्हणून आलेल्या कलावंत मुली मालविकेला ओळखतात. धारिणीच्या मुलाने अश्वमेधाचा घोडा राखताना यवनांना, म्हणजे ग्रीकांना, हरवल्याचं पुष्यमित्राचं पत्र येतं. आनंदात धारिणी मालविकेला नवरीच्या वेशात स्वतः राजाच्या हाती देते. धीरा नायिका काय चीज असते ते इथे कळतं: ती हरते, पण देणारी म्हणून हरते. राजवाड्यात राहणारी संन्यासिनी पंडिता कौशिकी तिची स्तुती करताना म्हणते, समुद्राला मिळणाऱ्या मोठ्या नद्या दुसऱ्या नद्यांचं पाणीही त्याच्याकडे पोचवतात. स्तुती आहे, पण नदीच्या बाजूने विचार केला तर जरा बोचते.

मालविका या अंकात जवळजवळ बोलतच नाही. ती राजकन्या आहे हे दुसरे सांगतात, तिचं लग्न दुसरे ठरवतात. चौथ्या अंकात फुटू लागलेला तो तिखट आवाज इथे पुन्हा बंद.

आणि इरावती रंगमंचावर येतच नाही. धारिणी तिची संमती विचारायला माणूस पाठवते. ती कळवते की अधिकार आपला आहे, दिलेला शब्द आपण मोडू नये. मग निपुणिका शेवटचा निरोप घेऊन येते: माझ्याकडून मर्यादा ओलांडली गेली, पण ती स्वामींच्या मनाजोगतीच होती, आता त्यांच्या मनासारखं झालंय, तेव्हा माझ्यावर कृपा असावी. पहिल्या अर्ध्या वाक्यात माफी आहे. 'मनाजोगती' या पुढच्या अर्ध्यात ती पुन्हा तीच जुनी इरावती आहे, कारण तिचा राग राजाच्या पथ्यावर पडला हे तिला समजलेलं आहे, आणि आपल्याला समजलंय हे ती त्याला कळवतेय.

निपुणिकेला उत्तर राजा देत नाही, धारिणी देते. आर्यपुत्र तिची सेवा नक्की ध्यानात ठेवतील, असं.